अप्पांचा उपाशी भुंगा

माझ्या हातून आज जी काही गिटार वाजते, ती लातूरच्या माझ्या घरमालकीणकाकूंच्या थोरल्या दिरांमुळे वाजते. हे आधी लिहून ठेवतो आणि मग घडलं ते सांगतो, कारण सांगण्याच्या भरात गंमत पुढं पळते आणि उपकार मागं राहतात. गल्लीत त्यांना सगळे अप्पा म्हणत; मीही अप्पाच म्हणतो. त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहायचं झालं तर ते असं लिहीन, की या पृथ्वीच्या पाठीवर कोण उपाशी आहे हे देवाच्या आधी अप्पांना कळतं, आणि देवाने काही हालचाल करायच्या आत अप्पांनी ताट वाढलेलं असतं.

अप्पांचं आजोळ बिदरकडचं. सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, की ते ओट्यावर येऊन बसत आणि दिसेल त्याला आजोळच्या भाषेत विचारत, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का. नमस्कार नाही, रामराम नाही, थेट जेवण. दूधवाला, सिलिंडरवाला, शाळेत निघालेली पोरं, कुणाची तरी सुटलेली शेळी, कुणीही या प्रश्नातून सुटत नसे. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस चुकून खरं बोलून गेला. मग धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असं सगळं पोटात घालून तो इतका तृप्त झाला की मीटर न बघताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, तर परत तेच. शेवटी काकूच मीटरचा आकडा पाठ करून दारात उभ्या राहिल्या. निवडणुकीत हात जोडून आलेल्या एका उमेदवाराला अप्पा म्हणाले, "मत देतो बाबा, पन आधी बस. तुझा आवाज पोटातून येईना झालाय." तो बसला, त्याची अख्खी फौज बसली, आणि काकूंचं त्या दिवसाचं पीठ संपलं.

काकू जुन्या वळणाच्या. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही हा त्यांचा नेम. पण तक्रारी तर रोजच्याच. मग त्या तुळशीला उद्देशून बोलत, मांजराला उद्देशून बोलत, आणि मी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आल्यापासून मला उद्देशून बोलू लागल्या. अप्पा हातभर अंतरावर बसलेले असत आणि काकू मला म्हणत, "पोरा, सांग म्हणावं अप्पास्नी, माझी सांडशी गच्चीवर न्हेली ती परत द्या." अप्पांना ऐकू कमी यायचं, म्हणून मी तेच वाक्य मोठ्यानं सांगायचो. अप्पा मला म्हणायचे, "सांग तिला, सांडशी कामात हाय." मी ते काकूंकडे वळून सांगायचो. नववीत शाळा सोडल्यावर इतकी जबाबदारीची नोकरी मला दुसरी मिळाली नाही.

हे झालं माणसांचं. अप्पांचा खरा जीव होता तो व्हॉल्वांमध्ये. तरुणपणी ते लाऊडस्पीकरवाले. लातूर-मुरुड पट्ट्यातली कोणतीही जत्रा, कोणतंही लग्न, अप्पांचे भोंगे झाडावर चढल्याशिवाय सुरू होत नसे. त्या काळच्या ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व असत, काही अंगठ्याएवढे, काही मुठीएवढे. वीज दिली की आतली तार हळूहळू निखाऱ्यासारखी लाल होई आणि मगच आवाज फुटे. पुढे नवी यंत्रं आली, लोकांनी व्हॉल्व भंगारात टाकले, आणि अप्पांनी ते वेचून गच्चीवरच्या खोलीत आणले. काकूंच्या बांगड्यांचे रिकामे डबे, डब्यात जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या, आणि एकेका चिंधीत एकेक व्हॉल्व निजलेला. अधूनमधून अप्पा त्यांना आळीपाळीने बाहेर काढून वीज पाजत. बटण दाबल्या दाबल्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "आत्ताच उठलाय. तोंड तर धुऊ दे त्याला!" तो लाल झाला की अप्पा वाकून त्याला विचारत, "ऊटा आयता?" मग मीटरचा काटा बघत आणि व्होल्टेज पोटभर आहे अशी खात्री पटली की मान डोलवत. "मानसाला भाकर, व्हॉल्वला व्होल्टेज. कमी पडलं की दोघंबी वंगाळ बोलत्यात." हे ते विनोदाने म्हणत असं कुणी समजू नये. मी तसं समजून एकदाच हसलो होतो. त्या दिवशी मला वाढताना त्यांनी गूळ वाढला नाही.

व्हॉल्वच्या यंत्रात वीज अशी जोराची असते की दोन्ही हात आत घातले तर ती एका हातातून शिरून काळजाच्या वाटेने दुसऱ्यातून निघते. म्हणून अप्पा उजव्या हाताने काम करत आणि डावा पाठीमागे धोतराच्या काष्ट्यात खोचून ठेवत. ही सवय इतकी हाडात गेली की ते देवळात, बाजारात, कुठेही डावा हात पाठीमागेच ठेवून उभे राहत. तरुणपणी लग्नासाठी काढलेल्या फोटोतही तो तसाच मागे होता, आणि एका स्थळाने म्हणे मुलाला एक हात नाही असं समजून नकार कळवला. त्यानंतर अप्पांनी फोटोही काढला नाही आणि लग्नही केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बरं झालं की. हात दिसला असता तर लगीन झालं असतं. मग ह्या लेकरांना कोन बघितलं असतं?"

आणि कान. आयुष्यभर भोंग्याखाली उभं राहून अप्पांचे कान गेले होते, पण त्यांच्यासारखं ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्यांच्या बंडीच्या खिशात कायम असे. त्याचं लोखंडी टोक ते स्पीकरच्या खोक्याला टेकवत, लाकडी मूठ जबड्याच्या हाडाला लावत, डोळे मिटत, आणि मला दोन धडक्या कानांनी जे ऐकू येत नसे ते त्यांना हाडातून ऐकू येई. "आतला तारेचा एक टाका सुटलाय," म्हणत, आणि उघडून बघितलं तर खरंच सुटलेला. आवाज स्वच्छ असला पाहिजे, एवढा एकच त्यांचा हट्ट. मुरुडला पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायच्या ऐन वेळी घरातला थोरला माणूसच गायब झाला. नवरा-नवरी समोरासमोर उभे, अक्षता मुठीत घेतलेले पाहुणे ताटकळलेले, आणि अप्पा मांडवामागे जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईवर तांब्याने पाणी ओतत बसलेले. स्पीकरमधून बारीक घुरघुर येत होती ती त्यांना सहन झाली नव्हती. "जमीन तान्हेली हाय," म्हणाले, "घुरघुरणार न्हाई तर काय करंल?" घुरघुर थांबली. तांब्या मात्र लग्नाच्या पूजेतला होता, आणि त्यावर काकू तुळशीपाशी बराच काळ बोलत होत्या.

अशा माणसाच्या घरात मी राहायला आलो तो देगलूरहून. देगलूर नकाशावर लातूरपासून लांब नाही, पण परत जायला तोंड नसलं की कोणतंही गाव लांबच. शाळा सुटली, वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात हात रमेना, आणि गिटारशिवाय मला काही सुचेना. निघताना वडील एवढंच म्हणाले, "वाजवून पोट भरतंय का बघ. न्हाई भरलं तर ये, पन ती गिटार इकून ये. घरात दोन्ही राहनार न्हाईत." लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात मला जागा मिळाली. लग्नसराईत काम, एरवी बसून राहणं. मी कुणाला काही कळू देत नसे. संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकाचा वास जिन्यावर आला की खोलीचं दार लावून घ्यायचो, आणि अप्पांनी विचारलं की सांगायचो, "आयता अप्पा, जेवूनच आलो." एकदा अप्पांनी खिशातून पेचकस काढला, टोक माझ्या शर्टाच्या बटणावर टेकवलं आणि मूठ जबड्याला लावून डोळे मिटले. मग म्हणाले, "खोटं हाय. पार खाली हाय. अर्थिंगशिवाय घुरघुरून राहिलंय." त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी पडू लागलं. ते कधी उचललं गेलं नाही आणि त्याचा कधी उल्लेखही झाला नाही. फक्त काकू मांजराला म्हणाल्या, "आता एक भाकर जास्तीची थापावी लागंल बाई."

आता भुंग्याकडे येतो.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे मास्टर म्हणत. दिवाळीच्या आधी एका सरावाला त्यांनी माझं वाजवणं मधेच थांबवलं. "ए हिरो, ही गिटार हाय का डास हाय? कीबोर्डमदी ह्याच्यापेक्षा चांगली गिटार भरलेली हाय, ती मला ऐकूबी येती आन खातबी न्हाई." सगळे हसले. मग त्यांनी मोबाईलवर एक वाजवणं ऐकवलं. त्यात गिटारचा आवाज फाटलेला, जाड, मधाच्या पोळ्यावर दगड बसावा तसा घोंघावणारा होता. "मला डास नको, भुंगा पायजे. छातीत घुसला पायजे मानसाच्या. तुळशीचं लगीन झालं की नांदेडला आपलं पयलं रिसेप्शन हाय. तितं भुंगा आला तर तू हायस. न्हाई आला तर देगलूरची गाडी नांदेडहूनच मिळती, तुला परत लातूरला आनायचा तरास बी न्हाई."

असा आवाज काढणारा तयार डबा बाजारात मिळतो हे मला ठाऊक होतं आणि तो माझ्या आवाक्यात नाही हेही. जेवता जेवता मी मास्टरांनी पाठवलेलं ते वाजवणं अप्पांना ऐकवलं. अप्पांनी पेचकस मोबाईलला टेकवला आणि त्यांचा चेहरा एकदम कळवळला.

"कुनाचं हाय हे? कोनत्या गावचं?" म्हणाले. "किती हाल झाल्यात यंत्राचे. चल, उद्या जाऊन दुरुस्त करून देऊ."

"अप्पा, ते बिघडलेलं न्हाई. मुद्दाम तसं केलंय."

"मुद्दाम?"

"मलाबी तसंच पायजे."

अप्पांनी घास ताटात ठेवला. हे घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. काकू थेट स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "सारी जिंदगी खरखर काढण्यात गेली माजी," अप्पा हळूच म्हणाले, "आन आता खरखर भरू म्हंतोस?" मग मी मास्टर काय म्हणाले ते सांगितलं, आणि वडील काय म्हणाले होते तेही, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढचे दोन-तीन दिवस अप्पांनी ओट्यावरून कुणालाच जेवणाचं विचारलं नाही. गल्ली घाबरली, दूधवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, अप्पांची तब्येत ठीक आहे ना. मग एका सकाळी काकू तुळशीला सांगत होत्या, "माजा पापडाचा डबा कुनी न्हेला ते देवालाच ठावं," आणि मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो.

पापड पाटावर रचून ठेवलेले होते आणि डब्याला भोकं पडत होती. अप्पा एका हाताने काम करत होते, दुसरा काष्ट्यात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा हात मागं घे आन बस."

त्या गच्चीवर जे चाललं होतं ते बघताना माझं तोंड उघडंच राहिलं. मी यंत्रं पाहिली होती, पण यंत्र जन्माला येताना पाहिलं नव्हतं. बांगड्यांच्या डब्यांतून चिंध्या सोडून व्हॉल्व निवडले जात होते, नात्यातली मुलगी निवडावी तसे. हा गरम डोक्याचा, हा शांत, हा दोघांत मिळूनमिसळून राहील. पायाने दाबायचं बटण जुन्या शिलाई मशीनच्या मोटारीचं निघालं. तारांना कथलाचा डाख देताना येणारा राळेचा धूर अप्पा फुंकर मारून माझ्या बाजूला ढकलत आणि म्हणत, "घे, चांगला असतो." डबा तयार झाला, झाकणावर विभूतीची तीन बोटं उठली. व्हॉल्व लाल झाले, त्यांना जेवणाचं विचारून झालं. मी गिटार जोडली, श्वास धरला आणि तार छेडली.

इतका स्वच्छ, इतका भरलेला, गोड आवाज माझ्या गिटारमधून त्याआधी कधी आला नव्हता. एक कण खरखर नाही. अप्पांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, वेगळ्या कारणाने.

"अप्पा, भुंगा?"

"अरे हो," अप्पा खजील होऊन म्हणाले. "हाताला सवय हाय बघ. आपोआप चांगलंच होऊन जातंय."

मग त्यांनी बिघडवायचा प्रयत्न केला. तारा उलटसुलट जोडल्या, कमजोर व्हॉल्व लावले, पण दर वेळी पेचकस जबड्याला लावून ऐकता ऐकता त्यांचा हात नकळत पुढे जाई आणि बिघडलेलं नीट करून येई. नांदेडचा दिवस जवळ येत चालला. माझी झोप उडाली. आणि एका दुपारी मी वाजवत असताना शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या असाव्यात, वीज खाली आली. पंखा रेंगाळला, बल्ब पिवळा पडला, डब्यातले व्हॉल्व मलूल झाले, आणि माझ्या बोटाखालची तार अशी गुरगुरली, घोंघावली, फाटली की गच्चीवरची कबुतरं उडाली आणि खाली काकूंच्या हातातलं काहीतरी पडलं. भुंगा! मोबाईलमधल्यापेक्षा जाड, रागीट, जिवंत. वीज परत आली आणि तो गेला.

मी नाचायचाच बाकी होतो. अप्पा मात्र मान खाली घालून बसले होते.

"मला ठावं होतं," म्हणाले. "भोंग्याच्या दिवसांतबी उन्हाळ्यात वीज खाली आली की असाच वरडायचा. तो काय गातोय व्हय? भुकेनं वरडतोय तो. पोटभर व्होल्टेज न्हाई मिळालं की हा आवाज. म्हनून सांगितलं न्हाई तुला."

या घरात उपाशी कुणाला ठेवत नाहीत हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आणि माझं पोट आता एका व्हॉल्वच्या उपाशी राहण्यावर अवलंबून होतं. मग काकू जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आल्या आणि कबुतरांकडे बघत म्हणाल्या, "कबुतरांनो, सांगा म्हणावं, काचेच्या लेकराचं बघता, आन हाडामासाचं देगलूरला धाडता व्हय?"

हे वाक्य पोचवायची मला गरज पडली नाही. अप्पांनी डब्याला एक चावी बसवली. ती खाली फिरवली की व्हॉल्वचं व्होल्टेज कमी होई आणि भुंगा येई; वर फिरवली की व्हॉल्व पोटभर. तरी रोज सकाळी मी गच्चीवर गेलो की चावी पूर्ण वर असायची आणि डबा कोमट लागायचा. "रियाज झाल्यावर जरा खाऊ घालत होतो," अप्पा म्हणायचे. "तुझं काम झालं न्हवं? मग."

नांदेडला निघालो त्या दिवशी अप्पा स्वतः निघाले. मास्टरांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पापडाचा डबा. निघताना काकूंनी सगळ्यांच्या हातावर दही-भात ठेवला, ड्रायव्हरच्याही. रिकाम्या पोटी गावाला निघायचं नाही, ही त्या घराची रीत. रस्ताभर मास्टर मागे वळून मला विचारत होते, "म्हाताऱ्याच्या टिफिनमदी काय हाय रे?" मी म्हणत होतो, भुंगा.

मंगल कार्यालयात संध्याकाळी सामान लागलं. स्पीकरमधून घुरघुर आली आणि अप्पा सवयीने तांब्या घेऊन मागे गेले. मास्टर म्हणाले, "हां हिरो, दाखव." मी बटणावर पाय दाबला, चावी पूर्ण खाली फिरवली, आणि तार छेडली.

स्वच्छ. गोड. भरलेला. मी चावी पुन्हा फिरवली, वर-खाली, वर-खाली. आवाजाला फरकच पडेना. मास्टरांनी कीबोर्डवाल्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बसस्टँड ठावं हाय न्हवं?" मला वडिलांचं दुकान दिसलं आणि कुणाच्या तरी हातात माझी गिटार दिसली.

अप्पा ओला तांब्या घेऊन परत आले, माझा चेहरा बघून थबकले. पेचकस खोक्याला लावला, ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. डावा हात. तो काष्ट्यातून बाहेर आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मीच केलं," म्हणाले. "निघताना तार जोडली मी चावीला वळसा घालून. प्रवासाला उपाशी कसं धाडायचं? नांदेडला पोचल्यावर काढू म्हनलं आन घुरघुर ऐकून इसरलो."

सगळ्यांच्या हातावर दही-भात पडला होता. अप्पांनी व्हॉल्वलाही वाटेची शिदोरी बांधून दिली होती. वीज बंद करून त्यांनी झाकण उघडलं, काकूंच्या सांडशीने ती तार उपटून काढली आणि डब्यावर वाकून काहीतरी पुटपुटले. कन्नड होतं; मला एवढंच कळलं की ते त्याची माफी मागत होते. मग मला म्हणाले, "वाजव. पन जवर हा उपाशी, तवर मीबी उपाशी."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाहुणे येत होते, जिलेबीचा वास सुटला होता, मी बटणावर पाय दिला आणि भुंगा सुटला. नांदेडच्या त्या कार्यालयातली माणसं हातात घास धरून वर बघू लागली. मास्टर आधी घाबरले, मग हसले, मग कीबोर्डवाल्याला म्हणाले, "तू गप बस जरा." मी वाजवत होतो की माझ्यातलं काही ओरडत होतं हे मला सांगता येणार नाही. मी फक्त स्टेजच्या कडेला बघत होतो. तिथे खुर्चीवर अप्पा बसले होते, पेचकस स्पीकरला टेकवून, मूठ जबड्याला लावून, डोळे मिटून. वाढपी येत होते, "बाबा, बसा की पंगतीला," म्हणत होते. "सगळ्यांना विचारनारा मानूस मी, मला कोन विचारतंय," असं एरवी म्हणणारे अप्पा मान हलवून नको म्हणत होते. मुलीकडचे हात जोडून आले, मुलाकडचे आले. शेवटी कुणीतरी ताट आणून मांडीवरच ठेवलं. अप्पांनी ते धरलं, पण घास घेतला नाही.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा मी आधी चावी पूर्ण वर फिरवली. गिटार नाही उतरवली, घाम नाही पुसला, आधी चावी. अप्पांनी जबड्याला लावलेल्या मुठीतून ते ऐकलं असावं. डोळे उघडून त्यांनी डब्याकडे बघितलं, विचारलं, "ऊटा आयता?" आणि गार झालेल्या जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. पुढचा तुकडा माझ्याकडे केला. मास्टर बाजूला उभे होते. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला, आणि अप्पांनी त्यांनाही दिला.

मी देगलूरच्या गाडीत बसलो नाही. त्यानंतर मास्टरांबरोबर खूप वाजवलं आणि आता दुसऱ्या मोठ्या ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर गुजरातेत फिरतो. पापडाचा डबा माझ्याबरोबर आहे. कार्यक्रमाआधी मी जेवत नाही. पार्टीतले लोक म्हणतात, देवाचं काहीतरी असेल. मी होय म्हणतो. कार्यक्रम संपला की आधी चावी वर, मग माझं ताट.

अप्पा आता गच्चीवर चढत नाहीत. दात गेले, जेवण ज्वारीच्या कण्यांवर आलं, आणि डॉक्टरांनी गूळ बंद केला. मी फोन केला की काकू मोबाईल पेचकसाच्या टोकाला टेकवतात आणि मूठ अप्पांच्या जबड्याला धरतात, तेव्हा कुठे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतं. परवा त्या दोघांचं आपसातलं बोलणं फोनमधून माझ्या कानावर पडलं. काकू म्हणत होत्या, "अप्पा, दोन घास तरी खावा. असं करू नये." तुळशीला नाही, मांजराला नाही, थेट. मधे उभं राहून सांगायला मी तिथे नाही, म्हणून. आनंद झाला की वाईट वाटलं, मला ठरवता आलं नाही.

वडिलांनी अजून मला घरी ये म्हटलेलं नाही, पण आईकडून माझी खुशाली विचारतात. एक दिवस मी देगलूरला घर करणार आहे, आणि पहिल्या दिवशी लातूरहून अप्पांना आणि काकूंना घेऊन येणार आहे. आईला मऊ हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, करायला लावीन, दात नसले तरी खाता येईल अशी, आणि डॉक्टरांचं त्या एका दिवसापुरतं ऐकणार नाही. अप्पांच्या ताटाशेजारी पापडाचा डबा ठेवीन, चावी पूर्ण वर. मग एक गाणं वाजवीन, एक कण खरखर नसलेलं, भरल्या पोटाचं, आणि पेचकसाची मूठ मी स्वतः त्यांच्या जबड्याला धरीन. हे मी फेडणार आहे. आयुष्यभर जगाला विचारत बसलेल्या त्या माणसासमोर वाढायचं भांडं घेऊन वाकीन, आणि त्या दिवशी मी त्यांना विचारीन, "ऊटा आयता, अप्पा?"